गोधडी घरी राहू द्या, तुकडे गाडीत घ्या

पुण्याच्या एका ताईंनी विचारलंय: "दिवाळीनंतर मी आणि माझे मिस्टर गाडी घेऊन आठ दिवस खान्देशात फिरणार आहोत. गेल्या वर्षी मी गोधडी शिवायला शिकले. पहिलीच गोधडी अर्धी झालीय, ती सोबत घेतली तर वाटेत पुरी होईल का? शिवाय व्हिडिओत दिसतात तशी शरद ऋतूच्या, पानगळीच्या रंगांची एक क्विल्ट करायचीय. त्यासाठी खान्देशात काय बघावं, कापड कुठे मिळेल, आणि प्रवासात शिवणकाम खरंच जमतं का?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. जमतं. पण अर्धी गोधडी आणू नका.

मी अमळनेरकडची. आमच्या ह्यांचा ठिबकच्या नळ्यांचा आणि पाइपांचा धंदा. दसरा झाला की वसुलीला रावेरपासून तळोद्यापर्यंत फिरणं असतं आणि गेली वीस-बावीस वर्षं मी शेजारच्या सीटवर असते. गोधड्या त्याच्याही आधीपासून शिवते, आता शिकवतेही. म्हणून सांगते, हा मूर्खपणा मी स्वतः करून बसलेय. एका वर्षी भाचीच्या लग्नात द्यायची गोधडी राहिली होती. म्हटलं, अमळनेर ते शहादा, जाता-येता चार ओळी तरी निघतील. मांडीवर घडी घेतली आणि निघाले टाके घालत. शिरपूरच्या अलीकडे चहाला उतरायला गेले तर गोधडी माझ्याबरोबर उतरायला लागली. पदर शिवून टाकला होता तिच्यात! टपरीवरची म्हातारी म्हणाली, "काय करी ऱ्हायनी व माय, सोताले शिवी ऱ्हायनी का?" पदर सुटला, पण खरं नुकसान घरी आल्यावर कळलं. फरशीवर पसरली तर आतलं लुगडं तीन बोटं एका अंगाला गोळा झालेलं. नऊ ओळी उसवल्या.

कारण साधं आहे. अंगभर पांघरायची गोधडी, म्हणजे पाच फूट बाय सात फूट, हिच्या पोटात दोन नऊवारी लुगडी जातात आणि वर-खाली आणखी एकेक कापड. सगळे मिळून आठ थर होतात, वजन अडीच किलोच्या आसपास. हे थर जमिनीवर सपाट पडलेले असतात तोवरच एकमेकांना धरून असतात. मांडीवर घेतले की आतला थर लोंबतो, बाहेरचा ताणतो, आणि आपण त्या लोंबत्या अवस्थेतच टाका घालतो. गाडी प्रत्येक गतिरोधकावर त्यात भर घालते. गोधडीला फरशी लागते, ताई, सीट नाही.

मग प्रवासात न्यायचं काय? जोडकाम. गोधडीचं काम दोन वेगळ्या स्वभावांचं असतं. वरच्या कापडाचे तुकडे जोडणं हे तळहाताएवढं काम. थर लावून ओळी घालणं हे खोलीएवढं. पहिलं कुठेही होतं. मी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत रस्त्यावर तुकडे जोडते आणि सणवार उरकले की घरी थर लावते.

तुकड्यांतही प्रवासाला सगळ्यात सोयीचा षटकोन. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढा. त्यांचा कागद अगदी हवा तेवढाच जाड असतो. बाजू दोन इंच धरून एक षटकोन नीट आखा, त्यावरून बाकीचे कापा. कापड सगळ्या बाजूंनी पाव इंच मोठं ठेवा. कापडावर कागद ठेवून कडा मागे दुमडायच्या, कोपऱ्यांवर एकेक कच्चा टाका घालायचा, कागदाला न टोचता. असे दोन षटकोन समोरासमोर धरून कडेच्या दोन-चार धाग्यांतूनच सुई काढत बारीक टाक्यांनी जोडायचे. मध्ये एक, भोवती सहा, झालं फूल. सहाही बाजूंनी शेजारी आला की त्या तुकड्यातला कागद काढून पुन्हा वापरायचा. एक पत्रिका माझ्याकडे तिसऱ्या गोधडीत चाललीय, त्या नवरा-नवरीची पोरं कॉलेजात गेली.

आता हिशोब, कारण नवी माणसं इथेच फसतात. दोन इंच बाजूच्या एका षटकोनाचं क्षेत्रफळ सुमारे १०.४ चौरस इंच. पाच बाय सात फुटांच्या गोधडीला असे सुमारे ४८५ षटकोन लागतात, म्हणजे ६९ फुलं. व्हिडिओत एक इंच बाजूचे नाजूक षटकोन दाखवतात ना, ते घेतलेत तर हाच आकडा १९४० होतो. एका इंचाचा फरक आणि काम चौपट. म्हणून पहिल्या वेळी दोन इंचच.

आणि वेळेचं खरं बोलायचं तर फिरतीवर दिवसाला दीड तास मिळतो. जास्त मिळतो असं म्हणणारी बाई एकतर फिरत नाही किंवा शिवत नाही. आठ दिवसांचे बारा तास. एका फुलाला मला पाऊण ते एक तास लागतो. म्हणजे तुम्ही परत जाल तेव्हा डब्यात बारा-चौदा फुलं असतील. तेवढ्यात गोधडी होत नाही, पण साधारण तीस इंच लांब-रुंद असं बाळाचं दुपटं नक्की होतं. कुणाकडे पाळणा हलणार असेल तर तेच ठरवून निघा. ठरवून केलेलं छोटं काम पूर्ण होतं. नुसतं "बघू किती होतं" म्हणून नेलेलं काम माझ्या अनुभवात माळ्यावर जातं.

चालत्या गाडीत सुई हातात घेऊ नका. हे मी कडक सांगते. पुढच्या सीटवर तर नाहीच. एअरबॅग उघडली आणि हातात सुई-कात्री असली तर काय होईल याचा विचार मी कशाला सांगायला हवा. धुळे-जळगाव महामार्गावर सरळ रस्ता लागला की मी फक्त कागदावर कापड दुमडून त्याला कपडे वाळवायच्या छोट्या क्लिपा लावून ठेवते. टाके थांबल्यावर. कन्नडच्या घाटात आणि तोरणमाळ चढताना तर खाली बघायचंच नाही, नाहीतर दुपारचं जेवण बाहेर येतं. शिवण्याचा वेळ गाडीच्या बाहेरच मिळतो: पहाटे लॉजच्या खिडकीत चहा येईपर्यंत, ढाब्यावर बट्टी भाजून निघेपर्यंत, ड्रायव्हरने डुलकी घेतली तेवढ्या वेळात. बट्टीला तर कुणी घाई करूच शकत नाही, एक अख्खं फूल निघतं.

सामान एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात मावलं पाहिजे. मावत नसेल तर कमी करा. सुया मोजून पाच. डब्याच्या झाकणाला आतून जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक चिकटवलंय, सुया त्यावर. रात्री पाच मोजल्याशिवाय डबा बंद नाही. एकदा चार भरल्या. पाचवी ह्यांना चोपड्याला सापडली, बसल्या बसल्या. तेव्हापासून मोजणं ते करतात. बाकी सुती दोरा, मेणाचा तुकडा, बोथट टोकाची कात्री, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान, आणि ओला रुमाल. दोऱ्याला मेण लावून तो बोटांतून ओढून घेतला की गुंता होत नाही. कोरड्या हवेत, आणि आमची हवा दिवाळीनंतर चांगलीच कोरडी होते, ह्याचा फरक लगेच कळतो.

ओला रुमाल का ते शेवभाजी आली की कळेल. आमच्याकडच्या लाल तर्रीचा एक थेंब पांढऱ्या तुकड्यावर पडला की संपलं. पडलाच तर गरम पाणी लावू नका. आधी भांड्यांच्या साबणाने तेल काढा. साबण लागला की हळद लालभडक होते, घाबरायचं नाही. धुऊन तो तुकडा गाडीच्या मागच्या काचेशी उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, दोन-तीन दिवसांत उडतो.

आता पानगळीच्या रंगांचं. इथे माझं तुमच्याशी भांडण आहे, ताई. त्या व्हिडिओतली लाल-नारिंगी मेपलची पानं थंड देशातली. आपल्याकडे पानगळ शिशिरात लागते, आणि सातपुड्यातले साग उघडे पडतात तेव्हा होळी जवळ आलेली असते. आपला शरद म्हणजे पावसाने धुतलेलं आभाळ आणि भरलेलं शेत. तो खान्देशात बघा कसा दिसतो. बोंडं फुटून पांढरी झालेली कपाशी, तिच्या पानांचा तांबूस पडत चाललेला हिरवा. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीचा ओला, जवळजवळ पोपटी हिरवा. तुरीचा पिवळा फुलोरा. ज्वारीच्या कणसांचा मोतिया. दिवाळीच्या तोरणातला सुकत आलेला झेंडू. आणि नंदुरबारची मिरची.

मिरचीवर जरा थांबते. नंदुरबारला ओली लाल मिरची विकायला येते आणि ती गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर वाळत घालतात. त्या जागांना पथारी म्हणतात. नजर जाईल तिथवर लाल. पण तो एकच लाल नसतो, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आज टाकलेली मिरची चकचकीत तांबडी, चार दिवसांची मरून, पुढची विटकरी, आणि मध्येमध्ये उन्हाने पांढरी पडलेली मिरची बाया निवडून बाजूला काढत असतात, तो फिकट पिवळट रंग. एका रंगाच्या पाच छटा शेजारी शेजारी कशा ठेवाव्यात हे मी तिथे शिकले. त्यानंतर कुठल्याही गोधडीत मी एकच लाल वापरलेला नाही. जाताना नाकाला रुमाल बांधा, काम करणाऱ्या बायांना विचारल्याशिवाय फोटो काढू नका, आणि तुकड्यांचा डबा गाडीतच ठेवा. मिरचीची धूळ कापडात बसली की शिवताना डोळ्यांतून पाणी काढते.

दुसरी थांबण्याची जागा अजिंठा. जिल्ह्याने तो संभाजीनगरात, पण जळगावहून जायला इतका सोपा की आम्ही त्याला ओसरी समजतो. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं बघून दिवस ठरवा. सगळी माणसं तिथे भिंतीवरचा पद्मपाणी बघतात, तुम्हीही बघा, पण नंतर मान वर करा. पहिल्या लेण्याचं छत चौकोनांत विभागलंय: एका चौकोनात कमळ, एकात फळं, एकात पक्षी, कुठे धावता हत्ती. शेजारशेजारचे चौकोन वेगळे, तरी सगळं छत एक वाटतं. का? चौकोनांमधल्या पट्ट्या सारख्या आहेत म्हणून. चिंध्यांच्या गोधडीचं नेमकं हेच दुखणं असतं, हरतऱ्हेचं कापड आणि सगळ्याची खिचडी. मधली पट्टी एका रंगाची ठेवा, खिचडी लगेच ताटात बसते. दुसऱ्या लेण्याच्या छतावर मोठं वर्तुळ आहे, आतून बाहेर पट्ट्यांवर पट्ट्या. गोधडीचे टाके गोल फिरवायचे असतील तर ते बघा. वहीत काढून घ्या. मोबाइलचा फोटो नंतर कुणी उघडत नाही.

तुम्ही पुण्याहून संभाजीनगरमार्गे याल तर कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला पोचाल. तिथून पाटणादेवी १८ किलोमीटर. डोंगराच्या कुशीत, गौताळ्याच्या जंगलात चंडिकादेवीचं देऊळ आहे, आणि इथल्या पाटण गावच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा लेख. हे चांगदेव वेगळे बरं का. पुढे मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर ज्यांचं देऊळ बघाल ते योगी चांगदेव निराळे. आमच्याकडचीही माणसं घोटाळा करतात.

गणितज्ञाच्या गावी आलात तर एक गणित तिथेच बसून करा, पुढे उपयोगी पडेल. चार इंचांचे चौकोन टोकावर उभे करून, म्हणजे शंकरपाळ्यासारखे लावायचे असले तर प्रत्येकाची रुंदी चार इंच राहत नाही. कर्ण मोजायचा. बाजूला १.४१४ ने गुणा: ५.६५ इंच. दहा शंकरपाळे ओळीत लावलेत तर ओळ ४० इंच होत नाही, ५६ च्या वर जाते. माझ्या वर्गात दर वर्षी एकजण तरी काठाचं कापड ४० इंचांच्या हिशोबाने कापून आणते आणि मग रडते.

बाकी वाट तुमची तुम्ही ठरवा. तोरणमाळला एक रात्र काढाच. सुमारे ११५० मीटर उंची, त्यामुळे खाली शहाद्याला पंखा लागत असताना वर पहाटे गोधडी लागते. यशवंत तलावाकाठी सकाळच्या उजेडात कापडाचे रंग जितके खरे दिसतात तितके दुकानात कधीच दिसत नाहीत. तुकडे तिथे मांडून बघा. प्रकाशा, सारंगखेडा वाटेतच आहे. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा दत्तजयंतीला भरते, ती तुम्हाला नाही सापडणार. पुन्हा कधी डिसेंबरात आलात तर घोड्यांच्या साजाची दुकानं बघा, गोंडे आणि कवड्यांचं काम बघून काठाला काय लावावं ते सुचतं. साक्री तालुक्यात बळसाण्याची जुनी देवळं आहेत, खांबांवरच्या नक्षीत शंकरपाळ्यांच्या पट्ट्या मोजायला मजा येते. सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घडवतात, त्याचा गोधडीशी काही संबंध नाही, पण मी दर वेळी थांबते आणि हे दर वेळी चिडतात.

कापड. नवं कापड विकत घेऊन त्याचे तुकडे करून पुन्हा जोडायचे हे माझ्या सासूबाईंना मरेपर्यंत पटलं नाही, आणि मलाही पूर्ण पटलेलं नाही. जळगावच्या फुले मार्केटात, धुळ्याला पाचकंदिलाजवळ भरपूर कापड मिळेल, सुती बघून घ्या. पण त्याआधी कुठल्याही तालुक्याच्या गावी शिंप्याच्या दुकानात विचारा, "दादा, कातरण आहे का?" दिवाळीची शिलाई नुकतीच संपलेली असते, पोतीच्या पोती पडलेली असतात. ब्लाउजची कातरण सगळ्यात चांगली. तुकडा चुरगाळून सोडा. सुरकुती राहिली तर बहुतेक सुती, झटकन उलगडला तर टेरिकॉट, तो परत करा. षटकोनाची घडी टेरिकॉट धरत नाही. पैसे द्यायचे, तो नको म्हणाला तरी चहाचे तरी.

चाळीसगावच्या बाजूला बंजाऱ्यांचे तांडे आहेत. आरशांचं, कवड्यांचं त्यांचं भरतकाम बघाल तर आपलं काम बाजूला ठेवाल. जुना घागरा किंवा कांचळीचा, म्हणजे त्यांच्या चोळीचा तुकडा कुणी विकायला काढला तर घ्या, पण मागायला जाऊ नका. आणि घासाघीस नको. एका तुकड्यावर एका बाईचे डोळे किती महिने बसलेत याचा अंदाज तुम्हाला आता स्वतःच्या अर्ध्या गोधडीवरून आलाच असेल. असा तुकडा कापून षटकोन तर मुळीच करू नका. तो मधोमध अख्खा लावायचा.

लाल कापडाची धास्ती मात्र ठेवा. एका दुकानातून मी सुंदर किरमिजी सुती घेतलं होतं, दुकानदाराने छातीवर हात ठेवून पक्का रंग सांगितला. पहिल्याच धुण्यात पांढरी फुलं गुलाबी झाली, पाच आठवड्यांचं काम. आता घेतलेलं प्रत्येक गडद कापड मी त्याच रात्री लॉजवर बादलीत गरम पाण्यात बुडवते, बरोबर एक पांढरी चिंधी. सकाळी चिंधी रंगली असेल तर पुन्हा धुवायचं, आणि तिसऱ्या वेळीही रंगली तर ते कापड पायपुसण्याला. मीठ-तुरटीने रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात. आजच्या रंगांवर त्याचा भरवसा धरू नका.

रस्त्यात कापसाच्या गाड्या दिसतील, जिनिंगसमोर ट्रॅक्टरांच्या रांगा दिसतील, आणि तुम्हाला वाटेल ताजा कापूस भरावा. शेतातला कापूस सरकीसकट असतो, तो असा भरता येत नाही. सरकी काढून पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावा लागतो. शिवाय मोकळा कापूस भरला की ती रजई झाली. रजईत ओळी जवळजवळ घालाव्या लागतात, नाहीतर कापूस सरकून गोळे होतात, आणि ती दर वर्षी धुता येत नाही. थरांची गोधडी खुशाल नदीवर आपटा. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुतात. ऑक्टोबरच्या उन्हात जाडातली जाड गोधडी संध्याकाळपर्यंत खडखडीत होते. त्याच वेळी कुठे टाका तुटलाय, कुठे कापड विरलंय ते दिसतं. म्हणून आमच्या बाया नवी गोधडी बहुधा उन्हाळ्यात, शेतकाम नसताना शिवतात, आणि आश्विन-कार्तिकात जुनीला ठिगळं लावतात. तुमच्या घरी जुनी, विरलेली गोधडी असेल तर तीच आणा, डागडुजीला. तिचे थर आधीच घट्ट शिवलेले असल्यामुळे मांडीवर सरकत नाहीत. मोठ्या गोधड्यांत फक्त हीच एक प्रवासाला चालते.

परत गेल्यावर थर लावायचे तेव्हा एका नऊवारीतून सात फुटांचे तीन पट्टे निघतात आणि चार हात कापड उरतं, हे धरून चाला. खोलीतलं सामान हलवा. खालचं कापड ताणून चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवा. आमच्याकडे पाटा, वरवंटा, खलबत्ता आणि चौथ्या कोपऱ्यावर लहान मूल बसवायची पद्धत होती. एकेक थर अंथरताना मधून कडेकडे हात फिरवून हवा काढा. मग मधूनच सुरुवात करून सगळीकडे वीतभर अंतरावर कच्चे टाके. जुन्या बाया कडेपासून गोल गोल आत येतात, त्यांच्या हाताला ते जमतं. नवशिकीने तसं केलं तर मध्यभागी फुगा येतो आणि तो कुठे लपवावा कळत नाही. तुम्ही सरळ ओळी घाला, बोटभर अंतराने. तेवढ्या गोधडीत ऐंशी ओळी बसतात, इंचाला तीन टाके धरले तर वीस हजारांच्या वर टाके. दोरा सरळ मोजला तर १७० मीटर, वर-खाली जाण्यात आणि गाठींत जातो तो धरून २०० आणा, दुहेरी घेणार असाल तर ४००. एकाच वेळी आणा. पुढच्या वेळी तोच रंग मिळत नाही, निदान मला तरी कधी मिळालेला नाही.

आणि ती घरी राहणारी अर्धी गोधडी. निघायच्या आदल्या रात्री चालू ओळ संपवा, मध्ये सोडू नका. परतल्यावर हाताचा ताण बदललेला असतो, त्याच ओळीत जोड दिसतो. घडी न घालता सतरंजीवर गुंडाळी करून उभी ठेवा. तिच्यात खोचलेली सुई आठवणीने काढून घ्या. आठ दिवसांत गंजली तर तो डाग सहजासहजी जात नाही.